झाकणाच्या आतली ओळ

दि. ४ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

खोकला कसा आहे? तुमच्या पत्रात खोकल्याची एक ओळ आणि शाळेतल्या कवितांची दोन पानं असतात. हे प्रमाण जरा उलटं करा.

परवाच्या सभेत मी मैदान मारलं. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या एका मुलीचा दावा होता की उंदराला नवा वास आला की त्याच्या मेंदूत एक बारीक लय उमटते, सेकंदाला पन्नासच्या आसपास ठोके. भिंतीतली वीजही नेमकी तेवढ्याच वेगाने हेलकावे खाते. मी उठून म्हटलं की बाईंनी उंदराचा मेंदू नाही, भिंतीतला प्लग ऐकलाय. सभागृह खो खो हसलं. ती कागद गोळा करून खाली उतरली. तुम्ही बनवून दिलेल्या डब्यावर मी अकरा वर्षं मेंदूतले विजेचे ठोके टिपते आहे, त्यात असली लय एकदाही दिसली नाही, हेही ठणकावून सांगितलं. तो डबा म्हणजे जादूच आहे.

तिची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही, यावर समितीने माझं मत मागवलंय. महिनाअखेरीला पाठवायचं आहे. काय लिहिणार ते वेगळं सांगायला नको.

काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो औषध वेळेवर घेऊन वाढवावा.

तुमची,
ठकी


दि. ९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच निवला. काकूने दोनदा विचारलं काय झालं म्हणून, तर मी तिच्यावर खेकसलो.

त्या डब्यात चाळणी आहे, ठके. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या प्रयोगाच्या खोलीशेजारी लिफ्ट बसवली तेव्हा तू फोनवर रडली होतीस, की घूं घूं सोडून काही ऐकूच येत नाही. मी तीन आठवडे बसून हा डबा बनवला, आत पन्नासच्या आसपासचं सगळं अडवणारा फिल्टर घातला, आणि तुला पुन्हा त्रास नको म्हणून जरा रुंदच ठेवला. भिंतीची वीज अडली. त्या मुलीची लयही तिथेच अडत असेल.

आम्हाला गुरुजी हातावर ताल धरून कविता म्हणायला लावायचे. खिडकीबाहेर बघता बघता माझी एखादी मात्रा गळायची, आणि पट्टी मला बसायची, कवीला नाही. मात्रा तुझ्या डब्यात गळली, आणि तू कवीला पट्टी मारलीस. तीही भर सभेत, लोकांना हसवून. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून तू झुरळाच्या पायातल्या नसांमधल्या विजेची तडतड स्पीकरवर ऐकायचीस, आणि ती थांबली की श्वास धरून वाट बघायचीस. त्या पोरीची ही बाई कधी झाली, मला कळलंच नाही.

आता माझा गुन्हा. झाकणाच्या आत मी सगळं लिहून ठेवलंय, शेजारी चाळणी बंद करायचं बटणही आहे. पण स्क्रूंवर लाख मीच ओतली, उघडायचं नाही असं मीच बजावलं. तू जादू म्हणालीस, आणि त्या शब्दाला मी इतका भुललो की आत साधी चाळणी आहे हे तोंडातून निघेना. त्याचा मला स्वतःचा संताप येतो. त्याने तुझी सुटका होत नाही. लाख फोड, मगच मत लिही.

रागातही तुझाच,
काका


दि. १५ मार्च

ती. काका,
नमस्कार. आज मायना एवढाच.

अकरा वर्षं. सात शोधनिबंध. प्रत्येकात मी लिहिलंय की हे यंत्र काहीही गाळत नाही. माझ्या हाताखाली तिघांनी त्याच डब्यावर पदव्या घेतल्या. तुम्हाला मला शांतता भेट द्यायची होती म्हणे. मागितली होती का मी? आणि वर पट्टी मलाच.

शिवाय ती मुलगी बरोबर आहे, हे तुम्ही घरात खुर्चीत बसून ठरवलंत कसं? मी नवं यंत्र मागवते आहे. जुन्याबद्दल कुणाशी बोलायची गरज नाही, तुम्हीही बोलू नका. माझं मत ठरल्याप्रमाणे जाईल. तुमचं आता वय झालंय, या भानगडीत पडू नका.

ठकी


दि. १९ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद. माझ्याकडूनही तेवढेच.

वय झालंय म्हणून तर घाई आहे.

ती बरोबर की चूक, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही, आणि तरी तू तिची नोकरी घालवायला निघालीस. भिंतीची वीज कधी दम खात नाही. कविता म्हणणारा माणूस यति आला की थांबतो. वास आला की लय उठते आणि गेला की थांबते का, एवढंच ऐकायचं आहे. लिफ्ट बंद करायला लाव, दिवे मालव, बटण दाब. सभेत खुशाल सांग की म्हाताऱ्याने फसवलं. ते खोटं नाही.

डब्यातल्या जोडणीच्या नकाशाच्या दोन प्रती काढल्या. एक सोबत आहे. दुसरीच्या पाकिटावर काकूने त्या मुलीचा पत्ता घातलाय, तूच पाठवलेल्या सभेच्या पत्रिकेवरून बघून. तिकीट लावून झालं. तोवर तू स्वतः खरं सांगितलंस तर फाडेन, नाहीतर एकतीस तारखेला ते पेटीत पडेल.

काका


दि. २८ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

माझा राग गेलेला नाही, हे आधी लिहिते.

रविवारी सकाळी चौकीदाराशी भांडून लिफ्ट बंद करवली. सहाव्या मजल्यावरचे प्राध्यापक जिना चढता चढता माझ्या नावाने बरंच काही बोलले. दिवे, पंखा, फ्रीज, सगळं बंद. डबा बॅटरीवर. टॉर्चच्या उजेडात लाख फोडली. झाकणाच्या आत तुमचं वळणदार अक्षर: पन्नासच्या आसपासचं इथून पुढे जात नाही, ऐकावंसं वाटेल तेव्हा बटण दाब. अकरा वर्षं ती ओळ माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

दाबलं. काही नाही. उंदरापुढे संत्र्याची साल धरली, आणि स्पीकरमधून बारीक गुंजन उठलं. साल काढली, थांबलं. पुन्हा धरली, पुन्हा उठलं. वीस वेळा केलं. मी श्वास धरून बसले होते, हे खरं तर तुम्हाला सांगायचं नव्हतं.

समितीला लिहिलं की चूक माझी होती. सातही निबंधांच्या संपादकांना लिहिलं. तुमचं नाव कुठेही घातलं नाही. डबा माझ्या टेबलावर होता, उघडून बघणं माझं काम होतं. ज्यांना हसवलं त्यांनाही एकेक पत्र जातंय, आणि दर पत्रागणिक मला तुमचा नव्याने राग येतो.

तिलाही लिहिलं. आज तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. माफीबद्दल अक्षर नाही. डबा पाठवा म्हणते, झाकण न लावता.

पाठवला. स्क्रू मी ठेवून घेतले आहेत.

ते पाकीट फाडू नका, पेटीत टाका. तिला नकाशा लागेल.

लोभ तुम्ही सांभाळा, राग मी सांभाळते.

तुमची,
ठकी