गस देणे आहे, अटी लागू

६ एप्रिल

दारावर कागद! मी दुकानात गेले असताना चिकटवून गेले, चोरासारखे. आमचा पार्क, म्हणजे ही ट्रेलर-घरांची वसाहत, कुठल्याशा बाहेरच्या कंपनीने विकत घेतलाय आणि कंपनीचं फर्मान — तीस पौंड वजनावरचं कुत्रं महिनाअखेरीस बाहेर. माझा गस नव्वदचा! काय करू, शेपटाकडचा भाग ठेवून घेऊ?

घर माझं, पण घराखालची जमीन त्यांची. इथे सगळ्यांचं तेच. म्हणायला चाकांवरचं घर, पण ती चाकं कधीच गंजून गेली. उचलून नेऊ कुठे?

मॅनेजरला गाठलं. ट्रॅव्हिस. ऑफिसच्याच ट्रेलरमध्ये राहतो, माझ्या शेजारी. गस दिसला की हा बाप्या टपालपेटीच्या मागे! "मिसेस हॅल्वरसन, नियम मी नाही केला हो." मग कोणी, तुझ्या आजीने? म्हणे ऑफिसला राखणीचं कुत्रं ठेवायची मुभा आहे, कितीही मोठं असो. मग ठेवलंस का? "मला भीती वाटते कुत्र्यांची. लहानपणी चावलं होतं." वा रे वा! दात आहेत तिथे चणे नाहीत, चणे आहेत तिथे दात नाहीत.

८ एप्रिल

लेकीचा फोन, फिनिक्सहून. ट्रिनाला सगळ्यातलं सगळं कळतं. "आई, रडत बसू नकोस, जाहिरात टाक. फोटो उजेडात काढ. फुकट लिहू नकोस, फुकट म्हटलं की नको ती माणसं येतात. चांगले गुण आधी लिही."

म्हटलं, तूच ये आणि घेऊन जा त्याला. तर म्हणे, "आई, केव्हिनला ॲलर्जी आहे, माहितीये ना तुला." माहितीये. जावईबापूंना सगळ्याचीच ॲलर्जी आहे, माझीसुद्धा.

शेवटी तिनेच लिहून टाकली. 'शांत, समजूतदार, मुलांचा लाडका.' शांत! ढग गडगडले की बाथटबमध्ये शिरून गळा काढतो तो! हा कुणाचा कुत्रा देतेय ही? माझ्या नवऱ्याने, लार्सने, त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात जाकिटात घालून आणला तो हा नाहीच. लार्स गेल्यावर रिकाम्या खुर्चीपाशी पडून राहिला, जेवेना. तेव्हा त्याला भरवायचं म्हणून मी उठले. नाहीतर मी तरी कशाला उठले असते? हे कसं लिहायचं चांगल्या गुणांत?

१० एप्रिल

आले बघायला. पहिलं जोडपं — पांढरे बूट घालून, ह्या चिखलात! "नाव बदललं तर चालेल ना?" तुमचं बदला.

मग एक दाढीवाला. "अंगणात साखळीला बांधून ठेवीन, भुंकला म्हणजे झालं." त्याला पायऱ्यांवरूनच वाटेला लावला. आणि हा आमचा बावळट त्याच्यापुढे शेपूट हलवतोय! अस्सा राग आला गसचा! दिवसभर बोलले नाही त्याच्याशी. संध्याकाळी खिम्याचा मीटलोफ दिला, पण बोलले नाही.

११ एप्रिल

ट्रॅव्हिस दारात आला. म्हणजे दारापासून लांब, आपल्या पिकअपच्या पलीकडे. "जाहिरात लावलेली असू द्या. तुम्ही प्रयत्न करताय असं दिसलं तर मी कंपनीला थोडं थांबवू शकेन."

असं आहे होय! जाहिरात फक्त दिसायला हवी. कुणी यायलाच हवं असं थोडंच आहे?

ट्रिनाची काढली. माझी टाकली —

'मोठा, घाणेरडा कुत्रा देणे आहे. घोरतो. पादतो. दोन सोफे खाल्ले. चर्चच्या जेवणातला बटाटा-चीजचा हॉटडिश भांड्यासकट पळवला आणि पास्टरकडे बघून गुरगुरला. ओला झाला की फक्त तुमच्याच उशीवर झोपतो. मालकीणही काही गोड नाही.'

फोटो काढला तोसुद्धा उलटी करतानाचा. या म्हणावं आता कोण येतंय ते!

१३ एप्रिल

करायला गेले एक आणि झालं भलतंच!

लोकांना जाहिरात आवडली. आवडली! याने त्याला पाठवली, त्याने आणखी कुणाला, पार कॅनडातून निरोप. "असाच नालायक कुत्रा हवाय." "मालकीणबाईंनाही घेऊन येऊ का?" फोन बंद करून ब्रेडच्या डब्यात टाकला. ह्या लोकांना कामधंदे नाहीत का? त्याआधी ट्रिनाचा फोन, तिला हसू आवरेना. "आई, तुला तर जाहिराती लिहायलाच ठेवायला हवं!" फोन आपटावा म्हटलं तर ह्या फोनला आपटायची सोयसुद्धा नाही.

१६ एप्रिल

आज आली ती कॅथलीन. मोठं कुंपणाचं अंगण. घरी तिने असाच एक कुत्रा म्हातारा होईपर्यंत सांभाळलेला, मागच्या शरदात गेला. त्याचं बोलताना डोळे भरून आले तिचे. मी खुसपट काढायचा जिवापाड प्रयत्न केला. एक सापडेना! आणि गस, जो पोस्टमनची पँट सोडत नाही, तिच्या बुटांवर हनुवटी ठेवून झोपला.

"तुम्ही म्हणाल तेव्हा नेईन," म्हणाली. "घाई नाही." रविवारपर्यंत सांगते म्हटलं.

गाडी वळल्यावर दार धाडकन आपटलं. कंपनीवर चिडले, ट्रिनावर, केव्हिनच्या नाकावर, असं मला एकटीला टाकून गेला म्हणून लार्सवर. चांगली बाई आहे मेली! वाईट असती तर किती बरं झालं असतं. मग जमिनीवर बसून रडले. गस येऊन माझं तोंड चाटत होता. तोंडाला भयंकर वास. लिहायला विसरले होते जाहिरातीत.

१७ एप्रिल

जाहिरात बदलली. होऊ दे काय व्हायचं ते.

'गस देणे आहे. अटी: नेणाऱ्याचं घर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं पाहिजे. सकाळी तो माझ्याबरोबर फिरायला येईल. जेवायला माझ्याकडे. गडगडलं तर माझ्या बाथटबमध्ये. लार्सची खुर्ची माझ्याकडे आहे, तिच्यापाशी त्याला बसू दिलं पाहिजे. पैसे नकोत.'

ट्रिना म्हणाली, "आई, ही जाहिरात नाही, हा हट्ट आहे." आहेच मुळी!

१९ एप्रिल

कोणी नाही. उद्या कॅथलीनला फोन करायचा. त्याची घोंगडी धुतली नाही. आपला वास राहू दे त्याला.

२० एप्रिल

कॅथलीनचा नंबर लावायला फोन उघडला, तर जाहिरातीखाली एक उत्तर आलेलं. ट्रॅव्हिसचं.

'ऑफिसला राखणीचं कुत्रं हवं आहे. सगळ्या अटी मान्य. फक्त पहिल्या दिवशी त्याला घट्ट धरून ठेवा.'