पहिला घास

६ फेब्रुवारी
ह्यांनी ताट मारलं, थेट तोंडावर! वरण गरम होतं. भुवई फाटली. ह्यांच्या पोटात आग, जेवलं की आणखी भडकते, आणि राग निघतो माझ्यावर. "डॉक्टरकडे चला" म्हटलं की लूमवर कापड विणून कान बहिरे झालेत म्हणतात. फिर्यादीही मीच, आरोपीही मीच!

९ फेब्रुवारी
उधन्याला लूमच्या कारखान्यातच रक्ताची उलटी झाली. मग गेले दवाखान्यात! पर्वत पाटियाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. पोटात जंतू, त्यानेच अल्सर. "चौदह दिन की दवा. बीच में छोड़नी नहीं." मी नारळ बोलले — जंतू गेले की मारही जाईल. वेडी कुठली!

१३ फेब्रुवारी
गोळ्या सुरू झाल्यापासून ह्यांचं तोंड कडू. "काय टाकं हाई भाजीमा? लोखंड सारखं लागस!" सासूबाई पारोळ्याहून फोनवर — "तिनीच काही खावाडं व्हई, वाल्मिक." झालं! आता मी करणी करणारी. केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. मग स्वतःचा अर्धा चावलेला घास माझ्या तोंडात कोंबला. "पहिले तू खाय!"

१४ फेब्रुवारी
गोळ्या गटारात फेकल्या. त्यातही म्हणे मीच काही मिसळलंय.

२ मार्च
दोन्ही वेळ तेच. आधी ते चावून बघतात, मग ते उष्टं मी गिळायचं. तोंड मिटलं की गळा धरतात. कधी वाटतं, खरंच घालावं काहीतरी! लिहिलं. खोडणार नाही.

२० मार्च
माझ्याही पोटात जाळ. शेजारच्या योगिताने ओढतच डॉक्टरकडे नेलं. तपासणीत तोच जंतू! "उष्ट्यातूनही जातो," म्हणाले. त्याच गोळ्या दिल्या.

२३ मार्च
तोंडात लोखंड! चहा, वरण, साधं पाणीसुद्धा कडू. कोणी काही घातलेलं नाही. गोळ्यांचीच चव ही! एवढ्यासाठी माझं डोकं फुटलं? ह्यांना सांगितलं. "तुले बी?" म्हणाले. पाकीट हातात घेऊन पाहिलं. मला वाटलं, आता तरी पटलं.

२४ मार्च
आज पुन्हा घास पुढे — "पहिले तू खाय!"
ह्या वेळी ताट मी मारलं. वाल्मिकच्या कपाळातून रक्त आलं. मी पुसायला गेले नाही. गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि योगिताकडे आले. माझे चौदा दिवस मी पुरे करणार.