मिसरी लावणारी माय

माय, आज इथल्या शाळेतल्या पोरींनी तंबाखू सोडा म्हणून नाटक बसवलं आणि मला पाहुणी म्हणून बोलावलं. पहिल्या रांगेत बसले खरी, पण पोरी राहिल्या बाजूला आणि मला तूच दिसायला लागलीस. चुलीपुढे बसून तू तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतेस, आम्ही खोकत अंगणात पळतो आणि तू म्हणतेस, "धुरानं कोनी मरते का?" हिरडी सुजली तरी तुझं बोट मिसरीच्या डबीतच. 

दुष्काळ सरला त्या सालची जयंती. आपल्या गावी, रिठदला, विहारापुढे झोपायच्या बाजा जोडून स्टेज केलं होतं. आमच्या बाईंनी सातवीच्या आम्हा मुलींना बजावलं होतं, मोठ्यांना भाषण देऊ नका, ते करतात तेच त्यांना करून दाखवा. मिसरी लावणारी माय मी झाले. बाई म्हणाल्या होत्या, गोवरीची राख घे. पण राख पांढुरकी, ती काय खरी वाटणार? मी शहाणी, तुझ्याच डबीतली चिमूट घेतली, दातांवर फिरवली आणि थुंकायचं सोडून गिळली. झालं. संवाद राहिला घशात आणि मी धाडकन आडवी. लोक टाळ्या वाजवून राह्यले, काय सोंग वठवलं पोट्टीनं म्हणून.

तू मात्र ओळखलंस. पदर खोचून वर चढलीस, माझं डोकं मांडीवर घेतलंस, तोंड पुसलंस आणि लोकांवरच खेकसलीस, "टाळ्या कायच्या वाजवून राह्यले? पोट्टीले खरंच चक्कर आली." लोकांना तेही नाटकच वाटलं. आणखी टाळ्या. तेवढ्यात पुढं बसलेली शेजारची काकू म्हणाली, "लय शानी हायेस. पहिले तू मिसरी सोडशीन का?"

सगळी वस्ती तुझ्या तोंडाकडे पाहतेय. खोटं बोलणं तुला कधी जमलंच नाही. म्हणालीस, "सकाळीच लावली. आताबी जीव मागून राह्यला. पण हिचं तोंड पाह्यलं, आता लावनं नाही होत. मी लावताना दिसली तर ह्या पोट्ट्यायनं मले चारचौघात टोकावं."

टोकलं की आम्ही. शाळेत जाताना सगळ्या मुली तुझ्या दारात उभ्या, "मावशी, दात दाखव." तू आधी शिव्या घालायचीस, मग हसत बत्तिशी दाखवायचीस. मग काकूचं दार, मग पुढचं. बाया आम्हाला पाहून दार लावून घ्यायच्या, एवढा आमचा धाक. पुढं हिरडी बरी झाली आणि तू ज्वारीची भाकर दोन्हीकडच्या दाढांनी चावून खायला लागलीस, तेव्हा इतका आनंद झाला की मी माझं जेवायचंच विसरले.

तू तर गेलीस, आता हे पत्र टाकू तरी कुठं? तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवून देते. एक मात्र तुला कधी बोलले नाही. त्या दिवशी तुझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि माझी चक्कर उतरली होती. तुझं सगळं बोलणं मी ऐकलं. पण तू केसांतून हात फिरवत होतीस, म्हणून डोळे उघडले नाहीत.