आजचा वर्ग तू घे

ठमे,

तू उठायच्या आत मी डॉक्टरांकडे निघालोय. सोबत तुझी आत्या आहे. नऊचा सर्फिंगचा वर्ग तूच घे. सगळे नवशिके आहेत, कमरेएवढ्या पाण्यापुढे कुणाला जाऊ देऊ नकोस. निळ्या बोर्डाची पायाला बांधायची दोरी विरली आहे, तो आज कुणाला देऊ नकोस. प्रवाह आत ओढायला लागला तर किनाऱ्याकडे धडपडत सुटायचं नाही, बोर्ड घट्ट धरून किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, हे दोनदा सांग.

काल तू मला ओढून बाहेर आणलंस आणि मी सगळ्यांदेखत तुझ्यावरच डाफरलो. चुकलं माझं. आईला सांगितलं की पायात गोळा आला होता. तसं काही नव्हतं. प्रवाहात सापडलो आणि पुढे काय करायचं तेच आठवेना. वीस वर्षं लोकांना शिकवलेलं सगळं पुसून गेलं होतं. तू हात धरलास तेव्हा ही कोण परकी मुलगी, असं वाटलं, म्हणून ओरडलो. मागच्या महिन्यातही एकदा असं झालं होतं, पण मी गप्प बसलो.

आईशी आज मीच बोलेन. तोवर तू काही सांगू नकोस.

बोर्डांच्या खोलीची किल्ली तुझ्या उशाशी ठेवली आहे. ती आता तुझ्याकडेच राहू दे. मी गोड बोलून मागेन, चिडेन, बाप म्हणून दमही देईन. तरी देऊ नकोस.

बाबा