लाल फितीतली आत्या

३ तारीख, सोमवार

आज एकोणसाठ झुडपांना मेलेलं ठरवलं. मी, चौथी नापास!

काम सोपं आहे. वणव्यात जळालेल्या डोंगरावर चढायचं, एकेका झुडपाची साल चाकूने खरवडायची. आत हिरवं दिसलं तर पिवळी फीत, तपकिरी दिसलं तर लाल. फिती माझ्या एकट्याकडे, बाकीचे जळकी लाकडं उचलतात. हिरवं कुठे दिसतच नाही. मुकादम म्हणतो, हात उचल. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. तो कुजबुजला तरी खालच्या रस्त्यावर ऐकू जातं. वीस तारखेला मशीन येणार, लालवाली मुळासकट उपटणार. मग रांगेत नवी रोपं.

५ तारीख

कंटाळा. खुंटांना घरच्यांची नावं ठेवली. काळा, वाकडा, जागचा हलत नाही — मोठे काका. बूड रुंद, सगळीकडून काटे — आत्या. दोघांनाही लाल फीत. घरी कळलं तर दारात उभं करणार नाहीत.

६ तारीख

भोंग्याची टोपी काकांना घातली. कामावरच्या दोघांनी लांबून सलाम ठोकला!

१० तारीख

घोळ झालाय!

डबा खायला आत्याच्या बुडाशी टेकलो. मांडीखाली काहीतरी टोचलं. बघतो तर मातीतून कोंब! लालसर, करंगळीएवढा. चमच्याने माती उकरली. खाली माणसाच्या डोक्याएवढी लाकडी गाठ, तिच्यावर असेच बारा-पंधरा. मी वर साल खरवडत बसलोय आणि आत्या खाली मजेत!

मग दहा लालवाली उकरली. सातांना कोंब. म्हणजे सात जणांना जिवंतपणी पोचवलं मी.

भोंग्याला नेऊन दाखवलं. त्याने कोंब बोटाने चाचपला. मग, चक्क हळू आवाजात — "मेलेली म्हणून लिहिलीयेत ना? राहू देत."

आळशी लेकाचा. पुन्हा मोजायचा कंटाळा, दुसरं काय!

१२ तारीख

जंगलखात्याच्या ऑफिसने तपासणीला बोलावलेल्या, कॉलेजातल्या झाडांच्या बाई आल्या. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाल्या, काही झुडपं खाण्यापिण्याचा साठा जमिनीखालच्या गाठीत ठेवतात, वरचं जळालं की तिथून फुटतात. काही मात्र खरंच मरतात, पण त्यांचं बी वर्षानुवर्षं मातीत झोपलेलं असतं. आगीची धग किंवा धूर लागल्याशिवाय उठतच नाही. आमचा धाकटा काका असाच. घरात भांडण पेटल्याशिवाय जागा होत नाही.

बाई पुढे म्हणाल्या ते महत्त्वाचं. निम्म्याहून जास्त फिती पिवळ्या निघाल्या तर मशीन परत जाणार. "फिती कोणी बांधल्या?" बाईंनी विचारलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

१३ तारीख

पोट बिघडलं. म्हणजे बिघडवलं.

दर अर्ध्या तासाने पोट धरून डोंगराआड पळायचं, चार-पाच बुडं उकरायची, कोंब असला तर फीत बदलायची. खोटं करत नाही. कोंब नसेल तर लालच. आज अकरा फेऱ्या. बाकीचे म्हणतात, याच्यामुळे डोंगर लवकर हिरवा होईल.

१५ तारीख

भोंग्याने कडू पावडर आणली. समोर उभं राहून प्यायला लावली. आता पोट खरंच बिघडलंय. आज एकही फीत नाही.

१६ तारीख

भोंगा म्हणाला, पडून राहा, तुझ्या वाटची झुडपं मी करतो. म्हटलं, नको, चालल्याने बरं वाटतं. डोळे भरून आले त्याचे! माझेही, पण हसू दाबल्यामुळे.

१९ तारीख

निम्म्याच्या वर आठ पिवळ्या! शेवटची आत्याची बांधली. कोंब वीतभर झालेत.

२० तारीख

मशीन आलं. बाईंनी स्वतः उकरून बघितलं, मोजलं. मशीन आल्या पावली परत. ड्रायव्हर शिव्या देत गेला. मी काकांपुढे नाचलो.

२१ तारीख

ऑफिसचा निरोप आला. डोंगर आपला आपण उगवतोय, नवी रोपं लावायची नाहीत. ती आम्हीच लावणार होतो म्हणे. वर्षभराचं काम होतं. आम्ही चौदा जण उद्यापासून मोकळे.

दुसरीकडे एकाच माणसाची जागा आहे. कोणाला पाठवू, असं ऑफिसने भोंग्याला विचारलं होतं. त्याने माझं नाव सांगितलं. "लहान आहे, तब्येतही बरी नसते त्याची."

मी अजून हो म्हटलेलं नाही.