एक पाटा जादा

६ जाने., मंगळ.
गाडी जॅकच्या स्टँडवर. चारी चाकं काढून भिंतीला लावली. जुनं शॉकअप आन् स्प्रिंगा पोत्यात भरल्या. आता माघार न्हाय.
पुण्याच्या डीलरला फोन केला. कॉइलओव्हर, म्हंजी शॉकअपवरच चढवल्याली स्प्रिंग, तयार हाय, स्प्रिंग कितीची घालू म्हणाला. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागत्यात, त्यावर तिचा नंबर. मी सगळं सांगितलं: घरची गाडी, वडलांच्या पाठीचं दुखणं, रस्ता खराब. तो म्हणाला, पुढं चार किलोची, मागं तीनची, ह्याच्यावर जाऊ नका.
मी पुढं सहा आन् मागं पाच सांगितली. आपल्या दुकानात गिऱ्हाइकानं सांगितलेल्या वजनावर कधी ट्रकची कमान बांधली न्हाय. दहा टन म्हणत्यात आन् सोळा भरत्यात. कमानीत पोलादाचा एक पाटा जादाच घालायचा. अप्पांची चाळीस वर्षं ह्याच्यावरच गेली.
अप्पा दुपारी दुकानात आलते. स्टुलावर पाच मिनिटं टेकले, पाठीला हात लावून उठले. "शॉकअपवरच स्प्रिंग? आन् ह्ये आटे कशाला?" म्हटलं, कॉलर फिरवली की गाडी वर-खाली हुती. "हुती की," म्हणाले आन् गेले. ट्रकची कमान सोडून बाकी सगळं त्यांना खेळणं.

८ जाने., गुरु.
आत्तीचा फोन. चिकोडीच्या पलीकडनं. तिचा पोरगा शिवू फोन लावून कानाला धरतो, तिला हात उचलत न्हाय. अंथरुणावर तिसरा महिना.
"तम्मा निघाला का?" एवढंच. दरवेळी एवढंच. अप्पांची आई लवकर गेली, ह्यांना वाढवलं ह्या थोरल्या बहिणीनं. सदुसष्ट वर्षांचा माणूस तिला अजून तम्माच, धाकटा भाऊ.
अप्पा म्हणाले, "गाडीचं काम काढलंय अक्का. झालं की आलोच."
दिवाळीनंतर भाड्याची गाडी करून निघालतो. कागलपर्यंत जाऊन माघारी. घाम फुटलेला, तोंड पांढरं फटक. दोन मणके घासत्यात. आयुष्यभर घण मारल्यावर काय हुणार दुसरं. अर्ध्या तासाच्या वर बसवत न्हाय.
बायको सुवर्णा म्हणालती, ॲम्ब्युलन्स सांगा, निजून जातील. अप्पा खवळले. "अक्काच्या दारात ॲम्ब्युलन्स लावू? गाव गोळा हुईल. ती बघंल तर तिथंच डोळं मिटंल. बसून जाणार मी."
बसून. म्हणजे गाडीच तशी पायजे.

९ जाने., शुक्र.
पार्सल आलं! लाल स्प्रिंगा, काळ्या कॉलर. पोरगं जन्मल्यासारखं पुसत बसलो, सु. हसली.
वरचं माउंट आपल्या गाडीला बसंना. बंडू लेथवाल्याकडं पळालो. त्यानं तासाभरात दोन कडी काढून दिली, एकदम चोख. बंड्या लेका, तुझ्या हाताला सोन्याचं कडं घालाय पायजे.
संध्याकाळी चाकं चढवली. कॉलर खाली घेतली. अजून थोडी. अजून थोडी. टायर आन् मडगार्डच्या मधी दोन बोटं. बंडूनं शीळ घातली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले. पंचवीस जणांनी अंगठं दिलं.
सु. गॅलरीतनं बघून, "अवो, गाडी खाली बसली की!"
तिला काय कळतंय.

१० जाने., शनि.
पहाटे एकटाच पन्हाळ्याला. काय सांगू. वळणावर गाडी झुकतच न्हाय. स्टेअरिंग हलवलं की रस्ता हातात. वाघबिळाच्या पुढं दोनदा माघारी फिरून तेच वळण परत मारलं. एका माणसानं गाडी थांबवून विचारलं, "पावणं, कुठं केलासा काम?" म्हटलं, घरचंच.
उतरताना ध्यानात आलं, तासभर अप्पांची आठवणच आली न्हाय. खड्डं लागलं व्हतं, कबूल. पण मला बरं वाटत व्हतं.

११ जाने., रवि.
लिहायला नको वाटतंय.
अप्पांना घेऊन कागलपर्यंत ट्रायल. पाठीमागं उशी, कमरेला पट्टा. शिरोली सोडली तवाच त्यांनी वरचा हँडल धरलता. हायवेचं काम चाललंय, सर्व्हिस रोडला गतिरोधकाचं पट्टंच पट्टं. प्रत्येक पट्ट्याला त्यांच्या नाकातनं आवाज. मी म्हणतोय, आता बसंल, स्प्रिंग नवी हाय, आता बसंल.
गोकुळ शिरगावच्या अलीकडं, "थांब."
उतरले. दिव्याच्या खांबाला धरून उभं राहिले. मग माझ्याकडं न बघता, "ट्रॉली केलास व्हय रं? ऊस कुठाय?"
मागच्या सीटवर आडवं करून आणलं. वीसच्या स्पीडनं. मागनं हॉर्न मारत व्हते सगळे. शिव्या द्यायच्या व्हत्या एकेकाला, दिल्या न्हाईत.

१३ जाने., मंगळ.
अप्पा दोन दिवस पलंगावर. शेक, मलम, गोळी.
डोकं ठिकाणावर न्हाय. दुकानात घण पायावर पडता पडता राहिला. गाडीकडं बघवत न्हाय, आन् बघितल्याबिगर ऱ्हावत न्हाय. दिसती तर झकास. त्याचाच राग येतोय.
सु.नं आज तोंडावर सांगितलं. "तुमाला गाडी खाली करायची व्हती. चार वर्सं बघतोय मी, मोबाइलमधी दुसरं काय बघतासा? अप्पांचं नाव फकस्त म्होरं केलासा."
मी ओरडलो. ताट सरकवलं. तिनं उचलून परत म्होरं ठेवलं.
खरं हाय तिचं. सगळं न्हाय, पण हाय.
शिवूचा फोन, ह्या वेळी माझ्या मोबाइलवर. आत्ती खात न्हाय, दोन घास पेज. डॉक्टर येऊन गेलते. "मामांना आणायचं असंल तर आना लवकर." अप्पांना सांगितलं न्हाय. सांगायचं का?

१४ जाने., बुध. संक्रांत
सु.नं तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाली, माझ्याकडं बघून. बरं.
अप्पांनी पलंगावरनंच हाक मारली. "किती किलोची घातलास?" त्यांच्या तोंडनं पैल्यांदाच त्या स्प्रिंगची चौकशी.
"सहा-पाच."
"पुण्याचा काय म्हणालता?"
"चार-तीन."
"मग?"
म्हटलं, एक पाटा जादा धरला. आपली रीत.
मला वाटलं, आता घालतील शिव्या. म्हणाले, "ते मीच शिकवलंय तुला." आन् मग, "माझ्या पाट्यावर माल बसला बाळ, माणूस कधी बसला न्हाय. मालाची पाठ दुखत न्हाय. जादा घातलं की गिऱ्हाईक खूश. पर मानसाला जादा घालायचं नस्तंय."
उठून बाहेर गेलो. डोळं भरलं व्हतं. बाळ म्हटल्याला वीस वर्षं झाली असतील.
शिवूचं बी सांगून टाकलं मग. "व्हय," एवढंच म्हणाले.

१५ जाने., गुरु.
पुण्याला फोन. पुढं साडेतीन, मागं अडीच. डीलर म्हणाला, "साहेब, आता बरोबर बोलताय." हसला असंल फोन ठेवून. हसू दे.
अडीचची स्टॉकला न्हाय, मंगळवारपर्यंत. पाच दिवस! आत्तीला मंगळवार कळतोय का?

१७ जाने., शनि.
पार्सल न्हाय. ट्रॅकिंग उघडतोय, बंद करतोय. सु. म्हणती, बघून लवकर येत न्हाय ते.
दोन ट्रॅक्टर ट्रॉल्या आल्या कमानीला. हंगाम हाय, पाटे मोडून येत्यात. एकाला जादा पाटा घालताना हात थांबला. मग घातला. ट्रॉलीला पायजेच.

२१ जाने., बुध.
आल्या. दुपारी दुकान बंद करून बसवल्या. मऊ स्प्रिंग खाली ठेवून चालत न्हाय, बूड घासंल. कॉलर वर, वर, वर. टायर आन् मडगार्डच्या मधी आता सगळा पंजा जातोय. कंपनीतनं आलती त्यापेक्षा उंच.
अप्पा खुर्ची टाकून दारात. "ढकल." मी बॉनेट दाबून सोडलं. गाडी दोनदा वर-खाली झाली. "दोनदा न्हाय. एकदा उठून गप बसाय पायजे." शॉकअपचं बटण दोन टिक आवळलं. परत दाबलं. "अजून एक." आवळलं. मग ते स्वतः उठले, तळहात टेकवला, दाबला, सोडला. गाडी उठली आन् गप. "हां."
ते मीटरबिटर काय नको. चाळीस वर्षं तळहातच मीटर.
बंडू आला. "आयला, ही तर जीपडं झाली की रं." हसलो मी बी. पण ग्रुपवर फोटो टाकला न्हाय.

२३ जाने., शुक्र.
कागल! जाऊन येऊन पावणेदोन तास. त्याच पट्ट्यांवरनं. मी प्रत्येक पट्ट्याला अप्पांच्या तोंडाकडं बघतोय, ते बाहेर बघत्यात. हँडलला हात न्हाय. कागलला चहा घेतला, उभं राहून न्हाय, बाकड्यावर बसून.
"कसं हाय?"
"बरं हाय."
अप्पांच्या तोंडात बरं हाय म्हणजे काय ते मलाच ठाऊक. येताना गाणं म्हणावं वाटत व्हतं. म्हटलं, उद्याच निघू चिकोडीला. पहाटे.
"सोमवारी बघू."
सोमवारी का?

२५ जाने., रवि.
काय चाललंय कळंना. काल म्हणाले पाठ दुखती. आज सु.नं बघितलं, चालत मंडईत जाऊन वांगी घेऊन आले, पिशवी हातात. मला म्हणत्यात, अजून दोन दिस आराम करावा.
शिवूचा सकाळपास्नं दोनदा फोन. मी काय सांगू? गाडी तयार हाय, माणूस तयार न्हाय?
संध्याकाळी आवाज चढवला मी. पंधरा दिवस मी मरतोय, म्हटलं, स्प्रिंगा बदलल्या, दुकान बुडवलं, तुमास्नी जायचं हाय का न्हाय एकदा सांगा. सु. मधी पडली.
जेवण झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. हळू बोलले, सु.ला ऐकू जाऊ नये असं. "तिनं माझ्यासाठी धरून ठिवलंय रं. तम्मा येतोय, तम्मा येतोय म्हणून. मी गेलो, भेटलो, म्हंजी झालं. मग ती कशापायी थांबंल?"
चार किलो, तीन किलो, साडेतीन. ह्याला कुठलं बटण आवळू मी.
"न गेलो तर वाट बघत जाईल, ते बी नको," म्हणाले. "त्येच कळंना मला."

२६ जाने., सोम.
सुट्टी. झेंड्याची गाणी लागल्यात चौकात. अप्पा दिवसभर दुकानात जाऊन एकटे बसले. मी गेलो न्हाय तिकडं. आत बाहेर करत राहिलो, दहादा गाडीचं पाणी बघितलं.
साडेसहाला येऊन म्हणाले, "पांढरा सदरा इस्त्री कर म्हणावं सुवर्णाला."

२७ जाने., मंगळ. निपाणी, स्टँडजवळचं हॉटेल
इथंच बसून लिहितोय, बसवत न्हाय नुसतं.
सातला निघालो. पांढरा सदरा, टोपी, कपाळाला इभूत. सु.नं आत्तीसाठी मऊ भात आन् तुपाची डबी दिली. गाडी पाण्यावरनं चालल्यासारखी चालली, स्वतःच्या तोंडानं सांगतो. कागल गेलं. मी साठवर व्हतो. "हळू." पन्नास. "हळू चालव की." चाळीस. पाठ दुखती का म्हटलं. "न्हाय रं. पाठ बरी हाय." तरी हळू. ट्रॅक्टर ओव्हरटेक करून गेला आमाला.
निपाणीत म्हणाले, चहा घेऊ. घेतला. आता अजून एक सांगितलाय. इथनं आत्तीचं गाव तासाभराचं बी न्हाय. बशी हातात धरून बसल्यात.
आत्ताच शिवूचा फोन. "मामा कुठवर आल्यात? आई विचारत्याय." मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, निघालोय म्हणून सांग. सांगितलं. पलीकडनं शिवू आत्तीला मोठ्यानं सांगतोय ते ऐकू आलं, "निघाल्यात गं, निघाल्यात!" आन् मग ती काय तरी बोलली, बारीक आवाजात, मला समजलं न्हाय.
"काय म्हणाली?" अप्पांनी विचारलं.
म्हटलं, सावकाश या म्हणाली.
त्यांनी बशी खाली ठेवली. टोपी काढली, परत घातली. अजून उठले न्हाईत.