घुमटाखालची हाक

हॅस्लम काउंटी, टेक्सस
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

प्रिय रॉयस,

आई गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही. माफ कर. ‘तू बरा असशील’ असं लिहायची रीत असते. या वेळी मी ते मनापासून लिहिते आहे.

इकडे उकाडा अजून हटत नाही. कोर्टाचा घुमट मात्र पूर्ण झाला. तुला आठवतं ते डागाळलेलं खोटं छत काढलं, तर वर जुना रंगीत घुमट निघाला. खर्च सगळा दाव्यांच्या फीमधून. प्रत्येक दाव्यामागे थोडी जादा रक्कम, मीच कोर्टाच्या कारकुनी खिडकीवर घेते. फी भरतो दावा लावणारा, पण निकालानंतर ती बसते हरणाऱ्याच्या माथी. आणि आमच्याकडे बहुतेक जण हरतात ते तारखेला न आल्यामुळे. म्हणजे हा घुमट न आलेल्यांनी बांधला. हे मला आधी सुचायला हवं होतं का?

गैरहजर माणसाचं नाव बेलिफ हॉलिस घुमटाखाली तीनदा पुकारतो, मगच एकतर्फी निकाल होतो. मार्चमध्ये एल्मर स्ट्राउड नावाच्या म्हाताऱ्या भाडेकरूला पुकारलं. तिसऱ्या हाकेला वरून कोणीतरी म्हणालं, “आलो.”

खाली कोणीच नव्हतं.

“हॉलिस, चेष्टा पुरे,” जज प्रुइटबाई म्हणाल्या.

“बाईसाहेब, मला जन्मात एक चेष्टा जमलेली नाही. बायकोला विचारा.” चेहरा मात्र पांढराफटक.

बाईंनी निकाल राखून शेरीफचा माणूस म्हाताऱ्याच्या खोलीवर पाठवला. स्ट्राउड खुर्चीत बसलेला सापडला. जीव जाऊन बरेच दिवस झाले होते. जूनमध्ये एका बाईचं तसंच. जे जिवंत असून येत नाहीत, त्यांच्या नावाला वरून काही येत नाही. हॉलिस पुकारू लागला की आता आम्ही सगळे श्वास रोखून शांततेची वाट पाहतो.

टाळत होते ते लिहिते. आईचं घर विकून वाटणी व्हावी म्हणून मी तुझ्यावर दावा लावला आहे. समन्स घेऊन आलेल्याला तू भेटला नाहीस. त्याने कागद दाराला चिकटवला. परवा तो पुन्हा गेला, तर कागद तसाच होता.

“तुझा भाऊ मुलखाचा हट्टी,” हॉलिस म्हणाला. “सोमवारी पुकारतो. कोणी बोलणार नाही, काम तुझ्या मनासारखं होईल.” मग माझ्याकडे न बघता, “कोणी बोलू नये, कोरिन.”

पैसे नकोत असं म्हणणार नाही. ते खोटं होईल. पण सोमवारी तिथे उभी राहून मी काय ऐकायला कान देऊ? तुझा आवाज मी कुठेही ओळखेन.

तू हट्टीच अस. माझ्या नावाने बोटं मोड. कागद वाचून मुद्दाम तसाच ठेवला असशील, तर तेही चालेल.

तुझीच,
कोरिन

उद्या: हे पत्र पोस्टात न टाकता गाडी काढून स्वतः नेणं, आणि तू उघडेपर्यंत दार ठोकत राहणं.